रबाळ्यातलं शिवणयुनिट: चालू ठेवू, मुरबाडला हलवू की मशिनी विकून मोकळी होऊ?

शिवणघर_रबाळे

नमस्कार. प्रश्न मोठा आहे म्हणून आकड्यांसकट लिहिते.

रबाळे एमआयडीसीत पहिल्या मजल्यावर माझं शिवणकामाचं युनिट आहे. १८ मशिनी आहेत. १२ सिंगल निडल, ४ ओव्हरलॉक, एक फ्लॅटलॉक, एक काज-बटणाची. मशीनवर १६ कारीगर, आणि धागा कापणाऱ्या, चेकर, इस्त्रीवाला धरून आणखी सहा जण. कापड आमचं नसतं. पार्टी, म्हणजे काम देणारा व्यापारी, कापलेले बंडल टेम्पोने पाठवते, आम्ही शिवून, इस्त्री-पॅकिंग करून परत देतो. गेली चार वर्षं मुख्य काम एकच, लेडीज कुर्ती.

मी १९९८ साली वागळे इस्टेटमधल्या एका एक्सपोर्ट कंपनीत धागा कापायला लागले. तिथेच मशीन शिकले, पुढे लाइन सुपरवायझर झाले. कंपनी बंद पडली तेव्हा थकलेल्या पगारात चार जुन्या मशिनी घेतल्या आणि कळव्याच्या एका खोलीत काम सुरू केलं. रबाळ्याचा गाळा २०१६ च्या ऑक्टोबरात घेतला आणि पुढच्याच महिन्यात नोटबंदी आली. तेही निभावलं. करोनातही एकाही कारीगराला कामावरून काढलं नाही.

आता मात्र गणित बसत नाही. २०१९ मध्ये कुर्तीला ८५ रुपये मिळायचे, आज ९२ मिळतात. गाळ्याचं भाडं तेव्हा २८,००० होतं, आज ४६,००० आहे. कारीगराला सरासरी १७,००० आणि बाकीच्यांना १३,५०० पडतात. पीएफ, ईएसआयचा माझा हिस्सा ५३,०००. लाइट १५,०००. धागा, सुया, दुरुस्ती, टेम्पो मिळून २२,०००. महिन्याला साधारण ५,२०० पीस निघतात. पैसे ९० दिवसांनी येतात, कधी ११०. म्हणजे १४ लाखांच्या आसपास रक्कम कायम बाहेर अडकलेली असते आणि मी दर पगाराला सोनं गहाण ठेवायचं का याचा विचार करत बसते.

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा आमच्या आसपासच्या एक्सपोर्टचं काम करणाऱ्या दोन युनिटांच्या ऑर्डरी थांबल्या आणि ती माणसं आमच्याच बाजारात जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीचं काम, मागायला आली. पार्टी सांगते, ‘मॅडम, शेजारचे ८८ ला करून देतात.’

मुलगा ऐरोलीत आयटीत आहे. तो म्हणतो, आई, विकून टाक, पुरे झालं. दीर म्हणतात मुरबाडला हलव, भाडं चौथाईवर येईल. कोणी अमरावतीच्या टेक्स्टाइल पार्कचं नाव घेतं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. मी जिथे शिवण शिकले त्या मजल्यावर आज कॉम्प्युटरचं ऑफिस आहे. रेमंडच्या १९२५ च्या गिरणीच्या आवारात टॉवर उभे आहेत. तर माझा खरा प्रश्न असा की कपडे शिवण्याचा धंदा ठाणे-नवी मुंबईत राहणार आहे का? राहणार असेल तर कुठल्या रूपात? माझ्या कारीगरांपैकी नऊ जण दिघा-इलठणपाड्यात भाड्याने राहतात. एक बाई माझ्याकडे १४ वर्षं आहे. त्यांना काय सांगू ते मला कळलं पाहिजे.

भिवंडी_२४माग

ताई, मी शिवणातला नाही, विणकामातला. आमचे २४ यंत्रमाग होते. वडिलांनी पहिले आठ घेतले ते मुंबईच्या संपाच्या वर्षी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्या थांबल्या आणि त्यांचं काम भिवंडीत वाहत आलं. शेजारच्या मोमीन आणि पद्मशाली विणकर घरांनी वडिलांना माग जोडायला शिकवलं. गिरणीच्या संपावर आमचं घर उभं राहिलं, ही गोष्ट वडील कधी अभिमानाने सांगत नसत. त्यांचे दोन मामेभाऊ परळच्या गिरणीत होते.

आमचे माग धोट्याचे. मिनिटाला १२०-१३० पिक, म्हणजे आडवे धागे, सहा मागांमागे एक कारीगर. बिनधोट्याचं रेपिअर मशीन त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने विणतं, एअरजेट त्याहून पुढे. सुरत आणि इचलकरंजीत लोकांनी माग बदलले. आम्ही नाही बदलले, आणि त्याचं कारण पैसा एवढंच नव्हतं. सूत व्यापाऱ्याचं, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) त्याची, कोरं कापडही तोच उचलायचा. आमच्याकडे होती फक्त मीटरमागची मजुरी. सूत महागलं की तो मजुरी कापायचा, स्वस्त झालं तरी मजुरी तीच. ज्याला आपलं कापड कोण नेसतो तेच माहीत नाही, त्याने नवीन माग कोणाच्या भरवशावर घ्यायचा? २०१६ ला आठवड्याचा रोख पगार अडला, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, व्यापाऱ्याने सहा महिने हात आखडला. २०१८ मध्ये माग किलोवर भंगारात गेले. ज्या दिवशी ट्रक भरला त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

आज त्याच शेडमध्ये ऑनलाइन मालाचं गोडाऊन आहे. भाडं वेळेवर येतं, मागांपेक्षा जास्त येतं. पण तिथे मागांवर काम करणारी आमची अकरा माणसं कुठे गेली, त्यातल्या चौघांचाच पत्ता मला ठाऊक आहे. हे मनातून जात नाही.

पार्कचं म्हणाल तर अमरावतीत नांदगाव पेठजवळ केंद्राच्या योजनेतलं पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क होतंय. २०२४ च्या सप्टेंबरात भूमिपूजन झालं, हजार एकर आहे. राज्याचं वस्त्रोद्योग धोरण २०२३ ते २८ चं, २५,००० कोटींची गुंतवणूक आणि पाच लाख रोजगार असं त्याचं लक्ष्य. केंद्राची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना घ्यायची तर आधी निदान १०० कोटी गुंतवावे लागायचे, २०२५ मध्ये ती अट निम्मी झाली, तरी ५० कोटी. कापूस विदर्भात आहे, तेव्हा हे तिकडे व्हायलाच हवं. पण ते १८ मशीनवाल्यासाठी आखलेलं नाही. तुम्ही इथून उठून तिथे गेलात तर तिथेही जॉबवर्कच कराल, फक्त घर सुटेल.

विकायचं असेल तर विका, पण आधी एवढं बघा की तुमच्या कुर्तीची गिऱ्हाईक तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिली आहे का.

मोजपट्टी

शिवणघर ताई, मी महापे आणि अंधेरीत मिळून १७ वर्षं मर्चंडायझर होतो, म्हणजे कपड्यांच्या ऑर्डरी आणि भाव ठरवणारा. तुमचे आकडे स्वच्छ आहेत, म्हणून नीट मांडता येतात. वाचून त्रास होईल, पण बघा.

पार्टी तुमच्याशी पीसमध्ये बोलते, पण मनात मोजते मिनिटं. बाही, गळ्याला पायपिंग आणि बाजूला कट असलेल्या साध्या कुर्तीचं काम आपण २० मिनिटांचं धरू. तुमचे १६ कारीगर, आठ तास, २६ दिवस. म्हणजे महिन्याला १,९९,६८० मिनिटं, जवळपास दोन लाख. त्यातून ५,२०० कुर्त्या निघतात, म्हणजे १,०४,००० मिनिटांचं काम. कार्यक्षमता ५२ टक्के. छोट्या युनिटला हे वाईट नाही, बरेच जण ४५ वर असतात.

आता खर्च. कारीगर २,७२,०००, बाकीचे ८१,०००, पीएफ-ईएसआय ५३,०००, भाडं ४६,०००, लाइट १५,०००, इतर २२,०००. बेरीज ४,८९,०००. त्याला १,०४,००० ने भागलं की मिनिटाला ४ रुपये ७० पैसे. २० मिनिटांची कुर्ती तुम्हाला ९४ ला पडते आणि तुम्ही ती ९२ ला देता. तुमचा स्वतःचा पगार तर यात धरलेलाच नाही. पैसे तीन महिन्यांनी येतात म्हणून ही खोट दिसत नाही. जुन्या महिन्याच्या पैशात नव्या महिन्याचं भोक बुजतं. ८८ ला करून देणारा एक तर पीएफ भरत नाही, नाही तर पुढच्या वर्षी तिथे नसेल.

यातून दोन रस्ते निघतात. पहिला, कार्यक्षमता ६० वर नेणं. मग तेवढ्याच खर्चात ६,००० च्या जवळ पीस निघतील आणि कुर्ती ८२ च्या आत पडेल. त्यासाठी नवी मशीन लागत नाही. एक दिवस घड्याळ घेऊन लाइनवर उभ्या राहा आणि कारीगराचे हात कुठे थांबतात ते लिहा. बंडलची वाट, बॉबिन संपणं, सुई मोडणं, काजाच्या मशीनपुढची रांग. वेळ तिथे जातो.

दुसरा रस्ता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. इथे काय राहणार? मोठे, एकाच मापाचे, पाच-पाच हजारांचे लॉट इथे राहणार नाहीत. ते तिरुपूरला जातील, नोएडाला जातील, जिथे शेड स्वस्त आणि पाचशे मशीन एका छताखाली आहेत तिथे जातील. १७ मे २०२५ पासून बांगलादेशातले तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून येणं बंद झालं, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरं उघडी राहिली. त्याने देशी बाजारात थोडी जागा झाली, पण ती जागाही मोठ्यांनीच घेतली. इथे राहणारं काम म्हणजे घाईचं, थोडक्या पीसचं, आणि जिथे गिऱ्हाईक माप द्यायला स्वतः येतं ते. ढोल-ताशा पथकाचे १२० कुर्ते नऊ दिवसांत तिरुपूर देणार नाही. आगरी-कोळी हळदीला एका घरच्या ४० बायकांना एकसारख्या शिवलेल्या नऊवाऱ्या लागतात, त्यात आठ वेगवेगळी मापं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, हॉस्पिटलच्या स्टाफचे युनिफॉर्म, टीटीसी एमआयडीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांचे शर्ट. हे सगळं तुमच्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहे.

एक सावधगिरी. छोट्या लॉटमध्ये कारीगराचा हात बसेपर्यंत लॉट संपतो. कार्यक्षमता ४० वर येते. तेव्हा तुमचं मिनिट ६ रुपये १२ पैशांना पडतं. कुर्तीच्या सवयीने मिनिटाला ४.६० चा भाव (९२ भागिले २०) लावलात तर हे कामही बुडवेल. पथकाचा कुर्ता २५ मिनिटांचा असेल तर नुसती शिलाई १५३ पडते, त्यावर कापड, बटणं, मग तुमचा नफा. हा भाव सांगताना आवाज खाली करू नका.

शिवणघर_रबाळे

मोजपट्टी दादा, तुमचा ९४ चा आकडा वाचून मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. २७ वर्षं या कामात आहे आणि हे भागाकाराचं गणित मला कोणी दाखवलं नव्हतं. सुपरवायझर असताना आमच्याकडून पीसच मोजून घ्यायचे.

भिवंडी दादा, गिऱ्हाईक पाहिली आहे. एकदा ठाणे स्टेशनच्या पुलावर एका मुलीच्या अंगावर आमची कुर्ती दिसली, निळी, गळ्याची पायपिंग मी स्वतः पास केलेली. तिच्या मागे चालत गेले थोडं. तिला काय बोलणार?

हळदीच्या नऊवाऱ्यांचं मी दोनदा केलंय, घणसोलीच्या एका घरासाठी, रविवारी बसून. तेव्हा ते काम धंद्यात धरलंच नाही, ओळखीचं म्हणून केलं. त्यांनी निम्मे पैसे आधी दिले होते.

खातेवही_नौपाडा

मी सीए आहे, नौपाड्यात बसतो. पैशांच्या बाजूने तीन गोष्टी सांगतो.

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी आहे का? नसेल तर आजच करा, फुकट होते. आयकराच्या नियमाने १ एप्रिल २०२४ पासून असं झालंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकवायचं. मुदत उलटली तर तो खर्च पार्टीला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. मार्च संपताना पार्टीचे पैसे अचानक येतात ते यामुळे. व्यापाऱ्यांना याचा फायदा नाही, पण तुमचं जॉबवर्क यात बसतं. शिवाय २००६ च्या एमएसएमई कायद्याने उशिराच्या बिलावर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, मागता येतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. माझ्या काही अशिलांनी तक्रार केली, पैसे मिळाले आणि पार्टी गेली, हेही सांगायला हवं. त्यामुळे तक्रार शेवटची. आधी ४५ दिवसांचा करार कागदावर मागा. त्याला कोणी नाही म्हणालं तर ती पार्टी कशी आहे ते तिथेच समजतं.

दुसरं, जॉबवर्कवर जीएसटी ५ टक्के आहे, तो तसाच. पण स्वतः कापड घेऊन तयार कपडा विकाल तेव्हा २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे दर लक्षात ठेवा. पूर्वी हजारापर्यंत ५ आणि वर १२ टक्के होते. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८. शिवलेली नऊवारी २,४५० ला दिलीत तर ५ टक्के, २,६०० ला दिलीत की १८. दागदागिन्यांची पट्टी, बटवा हे वेगळं विकत असाल तर बिलात वेगळंच दाखवा.

तिसरं, विकायचा विचार पक्का असेल तर जुन्या मशीनचा भाव आज कमी आहे, कारण बाजारात आधीच पुष्कळ मशिनी आल्या आहेत. घाईने विकू नका.

मुरबाडची_मावशी

ताई, तुमचे दीर मुरबाड म्हणतात म्हणून मी लिहितेय. माझं मुरबाडजवळ १४ मशीनचं युनिट आहे, नऊ वर्षं झाली. भाडं ११,०००. सगळ्या बायका आसपासच्या पाड्यांतल्या, चालत नाही तर एसटीने येतात.

स्वस्त आहे, खोटं नाही. पण जूनच्या शेवटापासून भातलावणी सुरू झाली की तीन आठवडे माझ्याकडे सहा जणी उरतात. त्यांचं शेत आहे, त्या जाणारच, आणि मी त्यांना अडवत नाही. दिवाळीच्या आधी पुन्हा कापणी. वादळी पाऊस झाला की लाइट जाते, जनरेटरचं डिझेल भाड्याची बचत खातं. नवीन मुलीचा हात बसायला तीन महिने लागतात, तेवढ्यात लग्न ठरलं की ती निघाली. आणि कोणतीही पार्टी सॅम्पल बघायला कल्याणच्या पुढे येत नाही. रस्त्यावर दोन तास गेले की म्हणतात, राहू दे, फोटो पाठवा.

म्हणून युनिट उचलून इकडे आणू नका. तुमचे दिघ्याचे कारीगर इकडे येणार नाहीत, मग तुम्ही आणणार काय, लोखंड? त्यापेक्षा असं करा. माप, सॅम्पल, कटिंग आणि शेवटची तपासणी तुमच्याकडे. सरळ शिलाईचा, ३०० पीसच्या वरचा लॉट असेल तर बंडल माझ्याकडे पाठवा. स्कूल युनिफॉर्मच्या सलवारी आमच्या बायका डोळे मिटून शिवतात. मार्च ते मे आमच्याकडे हात मोकळे असतात आणि तुमच्याकडे तेव्हा युनिफॉर्मची घाई असते. पैसे मला ३० दिवसांत द्या. तुम्हाला ९० दिवसांचा त्रास माहीत आहे, तो पुढे ढकलू नका.

शिवणघर_रबाळे

अकरा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं.

मंगळवार-बुधवार घड्याळ घेऊन उभी राहिले. काज-बटणाच्या मशीनपुढे दुपारी तीनला दीडशे पीस साचलेले असतात आणि सकाळी ती बाई दहापर्यंत रिकामी बसते. ओव्हरलॉकची चौथी मशीन अशा कोपऱ्यात आहे की कारीगर दर बंडलला उठून सहा पावलं जातो. भिंतीकडच्या दोघी दिवसातून अकरा वेळा बॉबिन भरायला उठतात. आता धागा कापणारी मुलगी सकाळीच बॉबिन भरून ठेवते आणि ओव्हरलॉक लाइनीत सरकवली. गेल्या सहा दिवसांत रोजचे २०० पीस होते ते २१८ वर आलेत. ६० टक्के म्हणजे रोज २३०, ते अजून लांब आहे.

पार्टीला ९८ आणि ४५ दिवसांचा लेखी करार मागितला. हात थरथरत होते. ते ९५ म्हणाले आणि करारावर ‘बघू’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, एक लाइन तुमची, दुसरी माझी. आठ मशीनवर कुर्ती ९५ ने, करारावर सही झाल्यावर. ते गप्प राहिले, पण शनिवारी बंडल आले आणि सोबत सही केलेला कागदही आला. उद्यमचा नंबर बिलावर छापून घेतलाय.

कारीगरांना बसवून सगळे आकडे सांगितले. १४ वर्षांची बाई म्हणाली, ‘वहिनी, हे ९४ आम्हाला आधी सांगितलं असतं तर बॉबिनसाठी आम्हीच भांडलो असतो.’ मला ते लागलं आणि बरंही वाटलं.

मुरबाडच्या मावशी, तुम्हाला फोन करायचा आहे, नंबर मेसेजमध्ये पाठवा. पनवेलकडच्या एका शाळेच्या सलवारींची चौकशी आली आहे, ४०० पीस. कापड मी बघते, शिलाई तुमची, ३० दिवस मान्य.

घणसोलीच्या पथकाचे ८५ कुर्ते घेतलेत. शिलाई, कापड, सगळं धरून ५६० सांगितले. पोरं ४५० म्हणत होती. मी मिनिटांचा कागद पुढे ठेवला. ५४० ला ठरलं, निम्मे आधी. रविवारी सकाळी नऊला मापं घ्यायला जायचंय, मुलगा स्कूटरवर सोडतो म्हणालाय.